झोळ किती, ताण किती

घरी कॅटामरान, म्हणजे दोन होड्या जोडून केलेली नौका, बांधायला घेतलेला माणूस सुरुवातीची वर्षं प्लायवुड, इपॉक्सी आणि पॉलिशपेपर यांतच बुडालेला असतो. दोन्ही होड्यांचे सांगाडे उभे राहतात, वर प्लाय चढतो, सांधे भरले जातात, घासले जातात, पुन्हा भरले जातात. मग डोलकाठी, शिडं, सुकाणू. दोन होड्यांच्या मधल्या पोकळीवर जाळी ताणायचं काम यादीत अगदी तळाला असतं. तोपर्यंत पैसे संपत आलेले असतात, हंगाम तोंडावर आलेला असतो आणि घरातली मंडळी ‘कधी एकदा पाण्यात उतरणार’ म्हणून विचारायला लागलेली असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं जिवापाड जपून बांधलेल्या नौकेवर हे एक काम शनिवार-रविवारात उरकलं जातं.

याची मला मनापासून काळजी वाटते. समुद्रात गेल्यावर नौकेवरची माणसं सर्वांत जास्त वावरतात ती याच जाळीवर. नांगर टाकायचा तर पुढे जाळीवरून जायचं, पुढचं शीड उतरवायचं तर गुडघे जाळीवर टेकायचे. रात्रीच्या अंधारात, ओल्या पायांनी, हलत्या नौकेवर माणूस आणि पाणी यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचा दोरा असतो. त्या दोऱ्याला कुठे बांधलंय, कसं बांधलंय आणि किती ताणलंय, यावर सगळं अवलंबून आहे.

पण मुळात जाळीच का? फळ्या का नाहीत? पोकळीच्या पुढच्या भागात फळ्यांचा सलग तक्ता ठोकला, तर पहिल्याच उधाणात त्याचं उत्तर मिळतं. समजा दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब एवढी पोकळी आहे, म्हणजे पाच चौरस मीटर. लाट आत आली आणि तक्त्यावर क्षणभर फक्त दहा सेंटिमीटर पाणी साचलं, तरी ते अर्धा घनमीटर होतं. समुद्राच्या पाण्याचं त्याचं वजन पाचशे किलोंच्या वर भरतं. सहा-सात मीटरच्या हलक्या नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अचानक पाचशे किलो आले की नाळ खाली जाते आणि पुढची लाट आणखी पाणी घेऊन येते. खालून येणाऱ्या लाटेचं दुखणं वेगळंच. ती तक्त्याच्या पोटावर थापा मारत राहते आणि प्रत्येक थापेला सगळी नौका हादरते. जाळी असली की वरचं पाणी खाली जातं, खालचं पाणी वर उसळून पुन्हा खाली जातं, वाराही आरपार जातो.

किती आरपार, हे मोजता येतं. कोळी ज्याला जाळ्याची ‘आस’ म्हणतात, ती म्हणजे चार दोऱ्यांमधलं भोक. दोऱ्याच्या मध्यापासून शेजारच्या दोऱ्याच्या मध्यापर्यंत २५ मिलिमीटर आणि दोरा ३ मिलिमीटर जाड असेल, तर जाळीचा सुमारे ७७ टक्के भाग मोकळा राहतो. त्याच दोऱ्याची आस १२ मिलिमीटरवर आणली की मोकळा भाग ५६ टक्क्यांवर येतो. मोठ्या आसेतून पाणी चटकन जातं, लहान आस पायाला बरी. ५० मिलिमीटरची आस अनवाणी पायाला फार त्रासदायक होते, बोटं आत जातात, लहान मुलाचं तर पाऊलच जातं. पुढच्या जाळीला २५ ते ३० मिलिमीटर आणि जिथे माणसं बसतात, लवंडतात, जेवतात त्या मधल्या किंवा मागच्या भागाला १२ ते २० मिलिमीटर, अशी विभागणी मला सगळ्यांत समंजस वाटते. किनाऱ्याजवळ शर्यतीला जाणाऱ्या छोट्या कॅटामरानवर विणलेल्या पीव्हीसी कापडाची बारीक जाळी असते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी ऑल्टरने वाळूवरून ढकलत पाण्यात नेता येतील अशा होड्या आणल्या, तेव्हापासून ‘ट्रॅम्पोलिन’ म्हटली जाणारी तशी जाळी जगभर दिसू लागली. दुपारभर खेळून परत यायचं असेल तर ती उत्तम. मोकळ्या समुद्रात ती जवळजवळ तक्त्यासारखीच वागते.

घरगुती कॅटामरानची गोष्ट जेम्स व्हॅरमला वगळून सांगता येत नाही. मँचेस्टरला १९२८ साली जन्मलेल्या या माणसाने पॉलिनेशियातल्या जोडहोड्यांचा अभ्यास करून १९५४ मध्ये ‘तांगारोआ’ नावाची जेमतेम साडेतेवीस फुटांची नौका स्वतः बांधली. पुढच्या वर्षी रूथ आणि युटा या दोन जर्मन तरुणींना बरोबर घेऊन तो इंग्लंडच्या फॅलमथ बंदरातून निघाला आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचला. कॅटामरान म्हणजे खेळणं, खोल समुद्रात ती उलटणार किंवा मोडणार, असं त्या काळच्या नौकाविश्वाचं ठाम मत होतं. त्रिनिदादला या तिघांनी ‘राँगो’ ही चाळीस फुटी नौका बांधली. त्या कामात फ्रेंच दर्यावर्दी बर्नार म्वातेसिएचा हातभार होता. १९५९ मध्ये राँगो उत्तर अटलांटिक ओलांडून युरोपात परतली. पुढे व्हॅरमने सामान्य माणसाला अंगणात बांधता येतील अशा नौकांचे नकाशे विकायला सुरुवात केली. पुढच्या काळात हान्नेके बोन त्याच्या जोडीने आराखडे करू लागली. अशा नकाशांचे दहा हजारांहून अधिक संच विकले गेले. व्हॅरम २०२१ मध्ये वारला. त्याच्या ‘टिकी २१’ या एकवीस फुटी आराखड्यावरून रोरी मॅकडुगल या इंग्रज तरुणाने नौका बांधली आणि १९९१ ते १९९७ या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने व्हॅरमची एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच्या पुढच्या काळातल्या नौकांच्या आडव्या तुळया दोन होड्यांना बोल्टने आवळलेल्या नसतात, दोराने बांधलेल्या असतात. लाट एका होडीला उचलते तेव्हा दुसरी खाली असते. दोराचा बांध तेवढं अंग सैल सोडतो आणि झटका पचवतो. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका जोडलेल्या, होडीतही आडवी लाकडं दोरानेच बांधलेली असतात, ती याच समजुतीने. अशा नौकेवर जाळी लावताना लक्षात ठेवायला हवं की जाळी ज्या चौकटीत ताणलेली आहे ती चौकट स्थिर नाही. प्रवासात तिचे कोपरे एकमेकांपासून किंचित सरकत राहणार. घाटावर टणक वाजेल इतकी आवळलेली जाळी पाण्यात गेल्यावर एका कर्णावर आणखी ताणली जाते, दुसऱ्यावर सैल पडते. ज्या कोपऱ्यात ताण एकवटतो तिथला दोरा आधी जातो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जाळी किती ताणायची?

बहुतेकांचं उत्तर असतं, जमेल तितकी. दिसायलाही ती छान दिसते, चालताना पाय खाली जात नाही. पण जाळीवर उभ्या माणसाचं वजन पेलायचं काम दोरे करतात ते स्वतःच्या लांबीच्या दिशेने ओढले जाऊन. दोरा जवळजवळ आडवा असेल तर खाली जाणारं वजन उचलायला त्याला फार मोठी ओढ निर्माण करावी लागते. हिशोब सोपा आहे. मधोमध उभ्या माणसाचं वजन गुणिले दोन काठांमधलं अंतर, भागिले झोळाच्या, म्हणजे पायाखाली जाळी जितकी झुकते त्याच्या, चौपट. माणूस ८० किलोंचा आणि अंतर १.८ मीटर धरू. जाळी त्याच्या पायाखाली ३० सेंटिमीटर झुकली तर काठावर एकूण १२० किलोंची ओढ येते. १५ सेंटिमीटर झुकली तर २४० किलो. आणि जमेल तितकी ताणून झोळ ५ सेंटिमीटरवर आणला तर तीच ओढ ७२० किलो होते. माणूस तोच, जाळी तीच. हा भार जाळीत अनेक दोऱ्यांवर आणि दोन दिशांना वाटला जातो, त्यामुळे एकेका दोऱ्यावर येणारा आकडा लहान असतो, पण झोळ अर्धा केला की ओढ दुप्पट होते हे गणित बदलत नाही. शिवाय लाटेबरोबर नौका वर फेकली गेली आणि माणूस जाळीवर आपटला, की त्याचं वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट भासतं.

सुंभाने विणलेली बाज ज्यांनी वापरली आहे त्यांना हे सांगावं लागू नये. पायथ्याकडची दोरी ओढून बाज ताणतात, पण बसल्यावर ती थोडी खाली जाईल इतकी ठेवूनच. तशीच जाळीही. माझ्या मते दीड-दोन मीटरच्या पोकळीला माणूस मधोमध उभा राहिल्यावर १५ सेंटिमीटरच्या आसपास झोळ यावा. त्याहून फार जास्त झाला तर चालताना तोल जातो आणि मोठ्या लाटेचं पाणी झोळात जाळीला खालून पकडतं. फार कमी ठेवला तर सगळा जाच काठाला सोसावा लागतो. व्यायामशाळेतल्या ट्रॅम्पोलिनच्या काठाला स्प्रिंगा असतात, त्या ही ओढ पचवतात. नौकेवर स्प्रिंगा नाहीत, तिथे दोराचा ताण आणि झोळ यांनाच ते काम करावं लागतं.

जाळी आवळल्यावर माणूस उभा नसतानाही काठ ओढलेला असतोच. पुढच्या आडव्या तुळईवर दर १५ सेंटिमीटरला एक बांध आहे आणि प्रत्येक बांध २० किलोंनी ओढला आहे असं समजू. १.८ मीटरच्या तुळईवर असे बारा बांध बसतात, म्हणजे २४० किलो तिला चोवीस तास मागे खेचत आहेत. अॅल्युमिनियमची नळी असेल तर ती मध्ये किंचित मागे वाकते. मग मधली जाळी सैल पडते, मालक पुन्हा आवळतो, तुळई आणखी वाकते. होड्यांच्या बाजूंनाही हेच. जाळी दोन्ही होड्यांच्या आतल्या कडा एकमेकींकडे खेचत असते. बारीक प्लायची कड असेल आणि आतून तिला लांब लाकडी पट्टीचा आधार नसेल, तर काही महिन्यांत कडेला लाटेसारखी वळणं दिसू लागतात.

म्हणून काठाची बांधणी नौकेचे सांगाडे उभे करतानाच ठरवायला हवी. कडेच्या खाली आतल्या बाजूने सलग पट्टी चिकटवून ठेवली, तर पुढे दोर ओवायच्या कड्या लावताना स्क्रूला धरायला भरपूर लाकूड मिळतं. कडी अशी लावावी की दोराची ओढ स्क्रूच्या आडवी येईल. स्क्रूला सरळ बाहेर उपटणारी ओढ आली तर तो लवकर ढिला होतो.  आणि प्लायमध्ये भोक पाडायचं तर स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्यात स्क्रूच्या मापाचं भोक पाडायचं. कंटाळवाणं काम आहे. चाळीस कड्या असतील तर ऐंशी भोकं भरायची आणि पुन्हा पाडायची. पण तसं केल्यावर स्क्रूच्या कडेने पाणी शिरलं तरी ते इपॉक्सीच्या नळीतच अडतं, प्लायच्या थरांत पोहोचत नाही. प्लायच्या नौका बहुधा मोठ्या लाटेने मरत नाहीत, अशा छोट्या भोकांतून शिरलेल्या गोड्या पाण्याने, म्हणजे पावसाने कुजतात. अॅल्युमिनियमच्या तुळईवर स्टीलची कडी लावायची तर मध्ये नायलॉनचा वॉशर आणि सांध्यावर संरक्षक लेप हवाच, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जोडी अॅल्युमिनियम खाऊन टाकते.

कड्यांना पर्याय आहेत. काही जण होडीच्या कडेला सलग लाकडी पट्टी लावून तिला कमानीसारख्या खाचा पाडतात आणि खाचेतून दोर घालतात. धातू नाही, स्क्रू कमी, खर्च जवळजवळ शून्य. खाचांच्या कडा गोल घासून गुळगुळीत केल्या नाहीत तर मात्र दोर करवतीवर घासल्यासारखा झिजतो. बोटाने फिरवून कुठेही धार लागता कामा नये, इतकी ही कड घासायची.

जाळीचं सूत कोणतं? नायलॉन लवचीक, झटके पचवणारं, पण ओलं झालं की त्याची ताकद साधारण १० ते १५ टक्के कमी होते आणि ते जास्त ताणतं. सकाळी कोरडी असताना नीट वाटलेली जाळी पाण्यात सैल पडते ती यामुळे. पॉलिएस्टर ओलं झालं तरी तसंच राहतं, कमी ताणतं आणि उन्हालाही बऱ्यापैकी टिकतं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आहे, पाण्यावर तरंगतं, पण उन्हात फार लवकर ठिसूळ होतं. आपल्याकडच्या उन्हात तर त्याचा विचारच करू नये. डायनीमासारखं सूत वजनाला हलकं आणि ताकदीला अफाट असतं. चार मिलिमीटरची चांगली डायनीमा दोरी एक टनाहून जास्त भार घेते. पण ते ताणत नाही, निसरडं असल्यामुळे साध्या गाठी त्यात धरत नाहीत आणि किंमत परवडेल अशी नसते. पहिल्या नौकेला पॉलिएस्टरची गाठीविना विणलेली चौकोनी आसेची जाळी घ्यावी, असं मी सांगेन. गाठींची जाळी अनवाणी पायाला टोचते, आणि प्रत्येक गाठीपाशी दोरा कमजोरही असतो. मासेमारीचं जाळं आणून ताणण्याचा मोह होतो, आणि जाळी बनवण्याचा मोठा उद्योग आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या गरवारेंची मासेमारीची जाळी आणि दोर जगभर जातात. पण मासेमारीच्या जाळ्याची आस बहुधा शंकरपाळ्याच्या आकारात उघडते. अशी जाळी एका दिशेने ओढली की दुसऱ्या दिशेने आकसते. चौकोनी पोकळीत ती कुठेतरी झोळ देते आणि कुठेतरी चुरगळते. ती वापरायचीच असेल तर आस आधी हवी तितकी उघडून चारही काठांना जाड दोर ओवून शिवून घ्यायचा, मगच मापाला कापायची.

हा काठाचा दोर सगळ्याच जाळ्यांना हवा. बांधणीची दोरी थेट आसेत ओवली तर सगळी ओढ त्या एका दोऱ्यावर येते. काठाला आठ-दहा मिलिमीटरचा दोर असला आणि जाळीची प्रत्येक आस त्याला शिवलेली असली, की बांधणीची दोरी काठाच्या दोराला ओढते आणि तो दोर ती ओढ शेजारच्या पाच-सहा आसांना वाटून देतो. जाळी कापताना गरम सुरीने कापावी, म्हणजे सुटं सूत वितळून बंद होतं. वितळलेली टोकं मात्र पायाला ओरखडे काढतील इतकी कडक होतात, म्हणून ती काठाच्या शिवणीत खाली दुमडून टाकावीत.

माप घेताना नकाशा बाजूला ठेवावा. घरी बांधलेल्या नौकेची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पोकळीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायचे. होडीची कड वक्र असते, म्हणून तुळईपासून दर तीस सेंटिमीटरला आडवी मापंही घ्यायची. प्रत्येक बाजूला जाळीचा काठ आणि कड यांच्यामध्ये पाच-सहा सेंटिमीटर अंतर सोडायचं. सुरुवातीला ते जास्त वाटतं. पण नवी जाळी पहिल्या काही आठवड्यांत ताणून मोठी होते, आणि तेव्हा आवळायला जागाच उरली नसेल तर काठ कडीला टेकतो आणि पुढे काही करता येत नाही. उलट अंतर दहा सेंटिमीटरवर गेलं तर त्यात पाय जातो. होडीच्या कडेवरून जाळीवर उतरताना माणसाची नजर पुढे असते, टाच त्या फटीत जाते आणि गुडघा पिळला जातो. म्हणून बांधणीची दोरी फटीवर दाट, तिरपी-तिरपी जाईल अशी ओवावी, म्हणजे फटही भरते.

आता बांधणी. पाच मिलिमीटरची, आधीच ताणून घेतलेली पॉलिएस्टर दोरी यासाठी चांगली. चार बाजूंना चार वेगवेगळ्या दोऱ्या घ्याव्यात, आणि लांब बाजूला दोन. एकच अखंड दोरी सगळीकडे फिरवली तर ती एका ठिकाणी झिजून तुटली की सगळी जाळी सुटते. आधी चारही कोपरे तात्पुरते, सैलसर बांधून जाळी पोकळीत मधोमध टांगावी. मग समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू ओढावेत. त्यानंतर प्रत्येक बाजूला मध्यापासून दोन्ही कोपऱ्यांकडे दोरी ओवत जावं: कडीतून, काठाच्या दोराखालून वर, पुढच्या कडीतून. पहिल्या फेरीत फक्त लोंबणं काढायचं. दुसऱ्या फेरीत थोडं ओढायचं. तिसऱ्या फेरीत हवा तो ताण आणायचा. एक बाजू पुरी आवळून मग दुसरीला हात घातला, तर जाळी त्या बाजूला सरकते आणि तिकडची फट फारच मोठी होते.

पुष्कळ जण दोरीचं टोक धरून जोर लावतात आणि टोकाशी दोरी तारेसारखी ताठ झाली की समाधान मानतात. दोरी कडीभोवती अर्धा वळसा घेते तेव्हा घर्षण तिची ओढ खातं. गुळगुळीत स्टीलवर पॉलिएस्टरचं घर्षण साधारण ०.२ धरलं, तर एका अर्ध्या वळशापलीकडे जवळजवळ निम्मीच ओढ पोहोचते. चार वळशांनंतर बाराव्या भागाइतकी उरते. म्हणजे टोकाला ६० किलोंनी ओढलं तरी पाचव्या कडीपाशी पाचच किलो. तिथली जाळी सैलच राहते आणि टोकाजवळच्या दोन कड्या सगळं ओझं वाहतात. त्यावर उपाय हातांनीच करायचा. मध्यापासून सुरू करून प्रत्येक वळशाची दोरी दोन बोटांत पकडून वर ओढायची, मिळालेली ढील पुढच्या वळशात सरकवायची, ती तशीच धरून त्याच्या पुढची ओढायची. एकटा माणूस असेल तर सुतारकामातला क्लॅम्प दोरीवर लावून मागची ओढ अडकवता येते. दोरी ओली असेल तर ती अधिक चटकन सरकते, म्हणून काही जण जाळी भिजवून घेतात. दर पाच-सहा कड्यांनंतर दोरीचा एक पक्का वळसा देऊन तिथे तिला अडकवून टाकावं. पुढे कुठे तुटली तर तेवढाच तुकडा सुटतो.

बांधणी झाल्यावर जमिनीवर किंवा जेट्टीवर असतानाच परीक्षा घ्यावी. मधोमध एक माणूस उभा करून झोळ मोजायचा. मग दोन माणसांनी काठाजवळून हळूहळू चालत जावं आणि तिसऱ्याने खाली वाकून प्रत्येक कडी, प्रत्येक स्क्रू पाहावा. पाय टेकताक्षणी एखादी कडी किंचित उचलली जात असेल तर ती काढून पुन्हा बसवायची, वरून आवळायची नाही. आठवडाभराने सगळे बांध पुन्हा आवळावे लागतात. दोन-चार सहलींनंतर आणखी एकदा. त्यानंतर नवी जाळी स्थिरावते.

जाळीचा खरा शत्रू ऊन आहे. झिजलेला दोरा दिसतो, उन्हाने मेलेला दोरा पटकन दिसत नाही. तो ओळखायचा मार्ग असा: वरच्या, उन्हाकडच्या बाजूला अंगठ्याच्या नखाने दोरा खरवडायचा. नखाला पांढरट भुकटी लागली, किंवा वरचे तंतू कडक होऊन तुकडे-तुकडे निघाले, तर सुताचा वरचा थर गेला आहे. मग तोच दोरा दोन बोटांत धरून उलटा वळवून त्याची खालची, सावलीतली बाजू पाहायची. दोन्ही बाजूंच्या रंगात आणि मऊपणात जितका फरक, तितकं आतलं नुकसान. हे तपासायचं सर्वांत आधी बांधणीच्या दोरीवर, कारण ती कडीवर सतत घासते आणि तिच्यावर सर्वाधिक ओढ असते. कडीच्या आत वळलेला भाग बाहेरून दिसत नाही, दोरी थोडी सरकवून तो उघडा करावा लागतो. बांधणीची दोरी जाळीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ती दरवर्षी पावसाळ्यानंतर सरसकट बदलणं शहाणपणाचं. नौका उभी असते तेव्हा जाळीवर जुनं शीड किंवा ताडपत्री टाकून ठेवली की तिचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

प्रवासात आस तुटली तर ती तिथेच तुणता येते. जाळं विणायची सुई आणि त्याच सुताचं एक बंडल नौकेवर असावं. तुटलेल्या आसेच्या शेजारच्या शाबूत आसांपासून सुरुवात करून मूळ मापाच्या चौकोनातच दोरा भरायचा, कारण आवळून लहान केलेली आस शेजारच्या आसांना ओढते आणि पुढच्या वेळी त्याच तुटतात. पाच-सहा आसा एकत्र गेल्या असतील तर तुणण्याच्या भरीस न पडता तिथे एक दोरी आडवी-उभी ओवून घ्यावी आणि त्या जागेवर रंगीत फडकं बांधावं, म्हणजे रात्री पहाऱ्यावर उठलेला माणूस तिथे पाय ठेवणार नाही. बांधणीच्या दोरीच्या प्रत्येक बाजूच्या लांबीइतके सुटे तुकडे कापून, टोकं वितळवून, हाताशी येतील असे ठेवावेत. अंधारात हलत्या नौकेवर पाच मीटर दोरी मोजायची वेळ कुणावर येऊ नये. आणि पुढच्या जाळीवर जायचं असेल, वारा कितीही शांत असला तरी, कमरेची दोरी होडीला बांधलेल्या पक्क्या दोराला अडकवूनच जायचं. ती दोरी जाळीच्या काठाला किंवा बांधणीच्या दोरीला कधीही अडकवायची नाही.